पायाखालची नावं

"हिटलर काही म्हणा, माणूस शिस्तीचा!" जर्मनी फिरायला आलेली आपली मंडळी हे अजूनही ऐकवतात. अहो, जरा खाली बघा की! फुटपाथवर १० बाय १० सेंटिमीटरची पितळी पाटी दिसेल: इथे अमुक राहत होता, अमुक साली नेला, आउश्विट्झला मारला. गुंटर डेम्निगने १९९०च्या दशकात हे सुरू केलं, २०२३ मध्ये लाखावी पाटी बसली. म्युनिकने २००४ मध्ये सार्वजनिक जागेत मनाई केली. कारण काय, तर नावं पायदळी येतात. वाद घालावा तर असा! आणि आपण? आपल्या फुटपाथवर 'माइन काम्फ' विकतो, तेही मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी. शिस्त म्हणे! याद्या चोख होत्या, गाड्यांचं टाइमटेबलही. माणसं मारली ती त्याच शिस्तीने.