सोन्यासंगं गंधक येतो, त्याचं काय?



नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात दगडात सोनं असल्याचं भूगर्भ खातं सांगतं. मग गावात कुणीतरी विचारतंच, "सोनं निघालं तर भलंच होईल ना गा?" आम्ही म्हणतो, आधी गंधकाचं विचारा.

जमिनीखाली सोनं बहुतेक एकटं नसतं. गंधक मिसळलेलं गरम पाणी खोलातून सोनं विरघळवून आणतं. वाटेत लोखंडाचा दगड लागला की गंधक लोखंडाला धरतो आणि सोनं तिथंच सुटतं. लोखंड-गंधकाचा हा पिवळा चमकता दगड म्हणजे पायराइट.

हा गंधक येतो कुठून? काही पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसातून, तर काही चक्क आभाळातून! दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळचे सोन्याचे खडक सुमारे २९० कोटी वर्षांचे. त्यातल्या काही पायराइटच्या गंधकात शास्त्रज्ञांना त्या काळच्या हवेची खूण मिळाली. ज्वालामुखीचा गंधकी धूर वर गेला, उन्हात बदलला, पाण्यात पडला, चिखलात मुरला. तेव्हा हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच. म्हणून पायराइटचे गोटे नदीत घरंगळूनही गंजले नाहीत.

आज हवेत प्राणवायू आहे, आणि खरी गोम इथंच आहे. जोहान्सबर्गला १८८६ साली सोनं सापडलं, खाणी झाल्या. फोडलेल्या दगडाला हवा-पाणी लागलं, गंधकाचं तेजाब झालं. पुढं खाणी बंद पडल्या, पंप थांबले, बोगदे भरत गेले. २००२ साली शहराच्या पश्चिमेला जुन्या खाणीतून आंबट, गढूळ लाल पाणी वर आलं आणि ओढ्यात उतरलं. सोनं केव्हाच विकलं गेलं होतं. पाणी मात्र तिथल्या लोकांच्या वाट्याला आलं.

साहेब म्हणतील, सगळे दगड सारखे नसतात. खरं आहे. चुनखडीचा दगड तेजाब मारतो. म्हणूनच आधी तपासा आणि आकडे ग्रामसभेत मांडा. दगडात गंधक किती? चुनखडी किती? चुरा कुठं टाकणार? खाण बंद झाल्यावर पाणी कोण साफ करणार, किती वर्षं?

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ प्रमाणे पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. हे प्रश्न ठरावात लिहा, सह्या-अंगठे घ्या, पोच घ्या. लेखी उत्तर येईपर्यंत कुणाच्या कागदावर सही करू नका.