जुनी खोडं गेली की वंशद्वेष जातो?

‘म्हातारी पिढी सरली की वंशद्वेषही सरेल; नवी पोरं असलं काही मानत नाहीत,’ असं अमेरिकेबद्दल हमखास ऐकू येतं. पुराव्याला आकडाही असतो. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८ मध्ये गॅलपच्या पाहणीत जेमतेम ४ टक्के लोकांची मान्यता होती. २०२१ मध्ये ती ९४ टक्क्यांवर गेली. पिढी बदलली, मत बदललं!

पण ४ टक्के याचा अर्थ तेव्हाचे तरुणही विरोधातच होते. ४ सप्टेंबर १९५७ ला आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलकडे पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय एलिझाबेथ एकफर्ड एकटी निघाली, तेव्हा नॅशनल गार्डच्या जवानांनी तिला अडवलं. तिच्या पाठीमागून गळा ताणून ओरडणाऱ्या ज्या गोऱ्या मुलीचं छायाचित्र जगभर गाजलं, तीही पंधराच वर्षांची होती. उलट, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल एकमताने देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींत पन्नाशीच्या आतला एकही नव्हता. त्यांतले ह्यूगो ब्लॅक तर एकेकाळी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेचे सभासद! आणि २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांचे बळी घेणारा वंशद्वेष्टा अवघ्या एकवीस वर्षांचा होता.

आजचे तरुण सरासरीने अधिक उदार आहेत, हे मान्य. पण ते तसे झाले कशाने? घरात मुरलेला द्वेष वारशाने पुढे जातच असतो. त्याला बाहेरून कुणीतरी आडवं जावं लागतं. मिश्रविवाहावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली, तेव्हा लोकांची संमती होती कुठे? पुढच्याच वर्षीच्या पाहणीत ती २० टक्क्यांच्या आसपास होती. कायदा आधी आला, जनमत मागाहून. माणसं हयातीतच बदलतात, हेही दिसलं. छायाचित्रातल्या त्या मुलीने १९६३ मध्ये फोन करून एकफर्डची माफी मागितली. त्यासाठी पिढी संपावी लागली नाही.

शाळा एकत्र करायला लागू नयेत म्हणून व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ सरकारी शाळांना टाळंच ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी अनेकांचं शिक्षण तिथेच खुंटलं. ‘थांबा, काळच बदल घडवील’ हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. थांबण्याची किंमत त्या मुलांनी मोजली.