विलायती मोटारीचे मोल कोणाचे?

जुन्या विलायती सलून मोटारी नव्याने उभ्या करण्याचा शौक आता मुंबईतील धनिकांना नवा राहिलेला नाही. सलून म्हणजे बंद छपराची, चार दारांची, ऐसपैस मोटार. १९५५ ते १९६६ या काळातील रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउड, त्याच घडणीची बेंटली आणि १९५९ ते १९६७ या काळात बनलेली जग्वार मार्क टू ही या शौकातील मानाची नावे. बाहेरचे रूप जुनेच ठेवायचे आणि आतले इंजिन, ब्रेक, वीजयोजना, थंड हवेचे यंत्र मात्र आजच्या काळाचे बसवायचे, अशी ही रीत आहे. इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे २०१८ साली स्थापन झालेल्या एका कंपनीने तर रोल्स-रॉइस आणि बेंटली गाड्यांतील पेट्रोलचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर बसवण्याचाच धंदा सुरू केला.

या मोटारींविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले मत रविवारच्या पुरवण्यांचे. त्यांच्या लेखी हा वारसा आहे आणि तो जपणारे मालक संस्कृतीचे रक्षक आहेत. दुसरे मत चळवळीतल्या कार्यकर्त्यांचे. त्यांच्या लेखी ही संस्थानिकांची उष्टी चैन आहे आणि तिच्याविषयी बोलणेही समाजवाद्याला शोभत नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींची चूक एकच आहे. दोघांनाही मोटारीत फक्त मालक दिसतो. ज्याने ती उभी केली तो मिस्त्री दोघांच्याही दृष्टीआड राहतो.

आकर्षण कशाचे?

डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, अशी एखादी मोटार सिग्नलला थांबली की बी. डी. डी. चाळीतला तरुण आणि गॅरेजमधला पोऱ्या दोघेही वळून पाहतात. त्यांना मालकाचा हेवा वाटतो म्हणून ते पाहतात, असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. मडगार्डचा तो लांबलचक बाक ठोकून काढायला काय लागते, हे पत्रा ठोकणाऱ्याला ठाऊक असते. सहा सिलिंडरचे इंजिन इतक्या शांतपणे चालते याचा अर्थ फिटरला कळतो. अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, हाताने शिवलेले कातडे, हलक्या हाताने मिटणारे दार, या साऱ्यांत कुणाचे तरी कसब दिसते. कामगाराला कामगाराचे काम ओळखू येते, हेच त्या आकर्षणाचे मूळ आहे.

आणखी एक कारण आहे. ही मोटार उघडून समजून घेता येते. तिचे बोनेट उचलले की हवा कुठून जाते, ठिणगी कुठे पडते, पाणी कुठे फिरते, हे डोळ्यांना दिसते. आजच्या गाडीचा मेंदू एका बंद पेटीत असतो आणि त्या पेटीची किल्ली कंपनीकडे असते. जुन्या मोटारीपुढे मिस्त्री जाणकार म्हणून उभा राहतो, तर नव्या गाडीपुढे त्याला कंपनीचा हमाल केले जाते. सौंदर्य हे केवळ श्रीमंतांचे लेणे आहे असे मानणाऱ्या समाजवाद्याने एवढा फरक तरी लक्षात घ्यावा.

मोल येते कोठून?

रिकार्डोने १८१७ साली मूल्याचा सिद्धांत मांडताना काही वस्तू बाजूला काढल्या होत्या. दुर्मिळ पुतळे, चित्रे, विशिष्ट गुणांची मद्ये यांची संख्या श्रमाने वाढवता येत नाही, म्हणून त्यांची किंमत केवळ दुर्मिळतेवर आणि धनिकांच्या लहरीवर ठरते, असे त्याने म्हटले. जुन्या मोटारीचे चाहते नेमका हाच युक्तिवाद करतात. पण मोटार हे चित्र नव्हे. चित्र भिंतीवर टांगून ठेवले तरी पुष्कळ काळ टिकते. मोटार नुसती उभी ठेवली तर मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तिचा तळ गंजतो, रबर तडकते, पिस्टन जाम होतो. तिच्या दुर्मिळतेलाही दर काही वर्षांनी श्रम घालावे लागतात. श्रम थांबले की दुर्मिळ वस्तूची भंगार वस्तू होते.

हे श्रम कोणते? सडलेला पत्रा कापून नवा पत्रा जोडायचा, लांबी भरून तो घासायचा, रंगाचे थर चढवायचे. थंड देशासाठी बनलेले इंजिन मुंबईच्या गर्दीत तापते, म्हणून मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवायचा. डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर घालायचा. न मिळणारा बुश लेथवर कातून काढायचा. यातील बरेच काम कोणत्याही पुस्तकात नाही, ते हातातून हातात आलेले आहे. मालकाने पैसा ओतला हे खरे. पण पैशाने लेथ चालत नाही.

‘मूळ रूप’ या शब्दाचे स्तोमही येथे तपासले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी केवळ सांगाडा आणि यंत्र विकत असे. त्यावरचा साज हूपर, बार्कर, मुलिनर यांच्यासारखे गाडीबांधणी कारखाने गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे चढवीत. संस्थानिकांनी शिकारीसाठी त्याच मोटारींवर शोधदिवे आणि बंदुकांच्या खोबणी बसवून घेतल्या. फेरफार हा या मोटारींच्या जन्मापासूनचाच धर्म आहे. भारतात त्या टिकल्या त्याही फेरफारामुळेच. शिवडीला १९२८ पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली आपला कारखाना बंद केला, आयातीवर निर्बंध आले, परदेशी सुटे भाग दुर्मिळ झाले. त्यानंतर ज्या मोटारी चालत राहिल्या त्या मिस्त्रीने शोधलेल्या पर्यायांवर चालल्या. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, पेट्रोलऐवजी डिझेलचे इंजिन, हाताने कापलेले गॅस्केट यांनी त्या जगवल्या.

गिरणीची जुनी गोष्ट

डिलाईल रोडला ही गोष्ट नवी नाही. विलायती यंत्र घ्यायचे, त्यात आपल्या हवेला आणि आपल्या कच्च्या मालाला सोसेल असा बदल करायचा आणि त्याच्या आयुष्याच्या कितीतरी पुढे त्याला चालवायचे, हेच गिरणगावाने पिढ्यान् पिढ्या केले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत आली. त्यांना चालते ठेवणारे फिटर, टर्नर, जॉबर हे कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार होते. मालकांनी नफा काढला, पण यंत्रे बदलण्यात तो पुरेसा गुंतवला नाही. यंत्रे जुनी झाली तरी कामगाराच्या कसबावर उत्पादन चालू राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे काय झाले ते येथे नव्याने सांगायला नको. यंत्रे भंगारात गेली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ च्या विकास नियमावलीतील कलम ५८, २००१ साली त्यात झालेली दुरुस्ती आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर केलेले शिक्कामोर्तब, या पायऱ्यांनी गिरण्यांची जमीन मॉल, कचेऱ्या आणि उपाहारगृहे यांच्याकडे गेली. रिकार्डो येथे पुन्हा आठवतो, कारण जमिनीच्या भावातील ही वाढ म्हणजे त्याने सांगितलेला खंडच होय. श्रम न करता मिळालेले ते उत्पन्न आहे. विलायती यंत्राला शतकभर जगवणाऱ्या हाताचा त्यात वाटा किती धरला गेला? ज्या प्रश्नाचे उत्तर गिरणीच्या बाबतीत मिळाले नाही, तोच प्रश्न मोटारीच्या बाबतीत पुन्हा समोर उभा आहे.

कायद्याची दोन मापे

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, साज किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार तिला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अशी मोटार नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शनात किंवा फेरीत मात्र नेता येते. इकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाही. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा विचार करता यामागील हेतू योग्यच आहे. पण बदल सुरक्षित आहे की घातक, हे तपासण्याऐवजी ‘मूळ’ या शब्दाची पूजा केली, तर मिस्त्रीचे ज्ञान आपोआप संशयास्पद ठरते.

याच्या शेजारी टॅक्सी ठेवून पाहावी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्याचे पोट होती. न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सींत सीएनजीची टाकी बसवली गेली, म्हणजे तोही फेरफारच होता आणि तो सक्तीचा होता. तरीही वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनीही टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. धूर आणि सुरक्षितता यांची कारणे खरी आहेत आणि टॅक्सीवाल्यांनीही ती नाकारू नयेत. परंतु एकाची मोटार विसाव्या वर्षी मोडीत निघते आणि दुसऱ्याची पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते, यातील फरक यंत्राचा किती आणि खासगी गॅरेज बाळगण्याच्या ऐपतीचा किती? जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्या मुंबईत टॅक्सीवाल्यांची संघटना बांधली, त्या मुंबईत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कराचीही तीच कथा आहे. वैयक्तिक वापराची जंगम वस्तू आयकर कायद्यानुसार भांडवली मालमत्ता धरली जात नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांना ही सवलत नाही, पण त्या यादीत मोटारीचे नाव नाही. १९८३ साली २० हजार रुपयांना घेतलेली १९३१ ची एक फोर्ड मोटार पुढे २१ लाखांना विकली गेली. ती विलायती नव्हे, अमेरिकी बनावटीची होती, पण हिशेब तोच. वैयक्तिक वापर सिद्ध न झाल्याने हा नफा करपात्र आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली दिला. म्हणजे शंभरपटींहून अधिक वाढीवर कर लागणार की नाही, हे मालक ती मोटार वापरत होता का यावर ठरायचे. पूर्वी अशा मोटारी संपत्तीकराच्या कक्षेत येत. १९५७ चा तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला.

मागणी काय असावी?

डॉ. लोहियांनी १९६३ साली लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला तेव्हा त्यांनी श्रीमंतीला नुसत्या शिव्या दिल्या नव्हत्या. त्यांनी हिशेब मांडला होता. म्हणूनच सरकारला उत्तर द्यावे लागले. जुन्या मोटारींबाबतही उपहास पुरेसा नाही, हिशेब हवा.

तो हिशेब चार मागण्यांत मांडता येईल. पहिली, ठरावीक रकमेवरील संग्राह्य वस्तूंवर, मोटारींसह, संपत्तीकर पुन्हा लावावा. दुसरी, वाहन टॅक्सीवाल्याचे असो की संग्राहकाचे, वयाऐवजी धूर आणि सुरक्षितता यांची एकच कसोटी असावी, आणि फेरफार करणाऱ्या मिस्त्रीची परीक्षा घेऊन त्याला अधिकृत दाखला मिळावा. तिसरी, दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली होती. त्या हक्काला कायद्याचे बळ देऊन सुटे भाग आणि माहितीपुस्तिका स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. चौथी, गिरण्यांच्या आणि चाळींच्या पुनर्विकासात छोट्या कारागिरांच्या गाळ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याची जागा राखावी. चाळीतल्या माणसाला १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळणे हा त्याचा हक्कच आहे, पण हात चालवायला जागा उरली नाही तर त्या घराचा देखभाल खर्च तो कशातून भरणार?

मागण्यांच्या आधी एक काम कार्यकर्त्यांना स्वतःच करता येईल. वीसहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी आपोआप लागू होत नाही आणि राज्य विम्याची मर्यादा सर्वसाधारणपणे दहाची आहे. दोन-चार माणसांची गॅरेजे या दोन्हींच्या बाहेर पडतात. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा करून मंडळे उभारली. त्या धर्तीवर गॅरेज कामगारांचे मंडळ होऊ शकते आणि मोटार उभी करून घेणाऱ्या मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेता येते. त्यासाठी लोअर परळ, भायखळा, शिवडी येथील गॅरेजांत जाऊन डेंटर, पेंटर, लेथवाला आणि कुशनवाला यांची नावे, मजुरी आणि कामाचे तास नोंदवावे लागतील. हॉर्निमन सर्कलपासून जुन्या मोटारींची फेरी निघते तेव्हा प्रत्येक मोटारीच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली मिस्त्रीचे नाव लिहावे, ही मागणी लहान वाटेल. पण जे नाव पाटीवर येते तेच पुढे मजुरीच्या करारावर येऊ शकते. ना. म. जोशींचे नाव ज्या रस्त्याला दिले आहे, तेथून या नोंदणीला सुरुवात व्हावी.