गॅस गिझर बाथरूमबाहेर काढा

थंडीच्या दिवसांत एक बातमी पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, घरच्यांनी दार तोडलं, तेव्हा ते बेशुद्ध किंवा मृतावस्थेत आढळलं. २०२३च्या धुळवडीनंतर मुंबईत घाटकोपरला एक दांपत्य घरातल्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच आला होता. अशा घटनेनंतर चार दिवस सल्ल्यांचा मारा होतो: खिडकी उघडी ठेवा, आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करून मगच दार लावा. हे सल्ले चुकीचे नाहीत. पण ते सगळी जबाबदारी आंघोळ करणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर टाकतात. खरा दोष गिझरच्या जागेत आहे. ज्या गिझरला बाहेरची हवा मिळत नाही आणि ज्याच्या ज्वलनातले वायू बाहेर जात नाहीत, तो बाथरूममध्ये बसवायला कायद्यानेच बंदी हवी.

यामागचं गणित साधं आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा घरगुती गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आपल्याकडच्या फ्लॅटमधलं पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम घेतलं, तर त्यात हवा असते जेमतेम ९ घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर पंधरा मिनिटांत त्यातली सुमारे एक तृतीयांश हवा ज्वलनातच खर्ची पडते. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते हे खरं. पण घरातली चार माणसं एकामागून एक आंघोळीला जातात, तेव्हा ती फट पुरत नाही. प्राणवायू घटू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू लागतो. बर्नरवर काजळी बसलेली असेल, तर हे आणखी लवकर घडतं.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. धोका ओळखायची बुद्धीच आधी मंदावते, म्हणून दाराची कडी दोन हातांवर असूनही माणूस ती काढू शकत नाही. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने अशा रुग्णांची नोंद केली आहे. बाथरूममध्ये आलेला झटका अपस्माराचा समजून औषधं सुरू होण्याचा धोका त्यांनी दाखवून दिला आहे. बातम्यांमध्ये मात्र सरसकट 'गॅसगळती' असं छापलं जातं, आणि त्यातून चुकीचा धडा घेतला जातो. एलपीजी गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. इथे गॅस गळत नाही, तो जळतो, आणि जळताना जे तयार होतं त्याची नाकाला चाहूलही लागत नाही. 'वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे' हा विश्वास म्हणूनच जिवावर बेततो.

यावर नेहमीचं उत्तर येतं की आमच्याकडे दहा वर्षं गिझर आहे, काही झालं नाही. त्या दहा वर्षांत बहुधा खिडकीची काच उघडी होती, आंघोळी लवकर आटोपत होत्या, बर्नर नवा होता. कडाक्याच्या थंडीत काच बंद होते, पाणी जास्त वेळ चालू राहतं, आणि तोवर बर्नरही जुना झालेला असतो. या तिन्ही गोष्टी एका सकाळी जुळून आल्या, की आधीची वर्षं कामी येत नाहीत. दुसरं उत्तर एक्झॉस्ट फॅनचं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो खोलीत ओढ निर्माण करतो, आणि गिझरला धुराचा पाइप असला तरी त्यातले वायू उलटे आत येऊ शकतात. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारे किंवा प्राणवायू घटल्यावर ज्योत विझवणारे गिझर बाजारात आहेत. ही सोय हवीच. पण ती शेवटची फळी आहे, हवेची जागा ती घेऊ शकत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप खर्चाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अनेक घरांना विजेवरच्या गिझरचं बिल परवडत नाही, गावोगावी सकाळी वीज असेलच याची खात्री नाही. पण मागणी गॅस सोडण्याची नाही, गिझर हलवण्याची आहे. तो मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावून गरम पाण्याचा पाइप तेवढा आत आणता येतो. जिथे तशी जागाच नाही, तिथे हवा बाहेरून घेणारा आणि वायू बाहेरच सोडणारा बंद रचनेचा हीटर घ्यावा. तो परवडत नसेल तर पाणी स्वयंपाकघरात तापवून न्यावं.

ब्रिटनने हे फार पूर्वी मान्य केलं. तिथल्या १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये बंद रचनेखेरीज दुसरं गॅस उपकरण बसवताच येत नाही. घरातल्या तेलाच्या बॉयलरलाही हवा खोलीतूनच मिळत असेल, तर बंद न करता येणारं झरोक्याचं तोंड ठेवावं लागतं. बॉयलर मोठा, तर तोंडही मोठं. दक्षिण कोरियात डिसेंबर २०१८ मध्ये गांगनुंग इथे बॉयलरचा निखळलेला पाइप तीन विद्यार्थ्यांच्या मृत्यूला कारण ठरला, आणि त्यानंतर तिथे नव्या गॅस बॉयलरसोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला. आपल्याकडे गिझरसाठी भारतीय मानक आहे, आयएसआय मार्क आहे. पण तो मार्क उपकरणाची हमी देतो, ते कुठे टांगलं आहे याची नाही. दुकानातून पेटी घरी येते आणि प्लंबर जिथे नळ दिसतो तिथे भिंतीला भोक पाडतो. जागा पाहून लेखी दाखला दिल्याशिवाय जोडणी नाही, हा नियम राज्य सरकारने करावा आणि त्याची जबाबदारी विक्रेता, बसवणारा आणि घर भाड्याने देणारा मालक या तिघांवर टाकावी.

तो नियम येईपर्यंत थांबू नका. तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल, तर या आठवड्यात तो बाहेर हलवून घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकाला तसं लेखी कळवा. आणि हलवेपर्यंत आत माणूस असताना तो पेटवू नका.