वीज कुठवर आली?

होस्टेलवर कुणाचा डेस्कटॉप सुरू झाला नाही की पुढे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आधी बटण दहा वेळा दाबलं जातं. मग डब्याला एक चापट बसते. तेवढ्यात शेजारच्या खोल्यांतून चार तज्ज्ञ जमतात आणि झाकणही न उघडता निकाल देतात, "मदरबोर्ड उडाला!" दुसऱ्या दिवशी स्वारी रिक्षात बसून दुकानात. मेससाठी घरून आलेले पैसे तिकडे जातात. आणि हे घडतं कुठे? जिथे प्रत्येक खोलीत दोन-तीन भावी इंजिनिअर राहतात तिथे!

माझं मत असं, की बंद पडलेला कॉम्प्युटर ही आधी आपली परीक्षा आहे, दुकानदाराची नंतर. आणि या पेपरात प्रश्न एकच असतो: वीज कुठवर आली?

हा प्रश्न मी शोधलेला नाही, आमच्या होस्टेलच्या वायरमनकाकांचा आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. काहीही बिघडलं की 'इट्स नॉट वर्किंग' म्हणून मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची पद्धत. काकांना असं सांगितलं की ते टेस्टर काढत विचारतात, "कुठवर येतेय?" विचार करा, किती फरक आहे या दोन वाक्यांत! पहिल्या वाक्याशी विचार संपतो, दुसऱ्यापासून सुरू होतो.

आता हाच प्रश्न घेऊन भिंतीपासून निघू या. त्या सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावून बघा. चालत नसेल तर बिचाऱ्या मदरबोर्डचा काय दोष? एमसीबी पडला असेल किंवा एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण कुणाचा तरी पाय लागून बंद झालं असेल. चार्जर चालला तर पुढे केबल. मागच्या बाजूला ती सैल होते, दिसायला मात्र बसलेली दिसते. बऱ्याच मॉनिटरची केबलही तशीच असते, ती काढून लावून बघा. मग एसएमपीएसवरचं छोटं बटण. त्यावर 'ओ' म्हणजे बंद आणि उभी रेघ म्हणजे चालू. झाडू मारताना ते बंद होऊ शकतं. इथपर्यंत ना स्क्रू-ड्रायव्हर लागला, ना पैसे.

यापुढची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. डब्यावरचं पुढचं बटण ट्यूबलाइटच्या बटणासारखं नाही! इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही रचना आणली. तेव्हापासून हे बटण २३० व्होल्टची वीज जोडत नाही, फक्त मदरबोर्डला अर्ज करतं. एसएमपीएस मागून चालू असला की त्यातून ५ व्होल्टची एक लाइन कायम जागी असते. अनेक बोर्डांवर तिच्यामुळेच एक छोटा दिवा लागलेला दिसतो. बटण दाबलं की बोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, बोर्ड एसएमपीएसच्या एका वायरला ग्राउंड करतो आणि मग मोठी वीज सुटते. म्हणजे दिवा लागलाय आणि बटणाने काहीच होत नाही, तर 'पॉवर स्विच' लिहिलेल्या त्या दोन पिना शोधा. त्यांच्यावरचा कनेक्टर काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर बिघाड फक्त बटणाचा किंवा त्याच्या वायरचा. मदरबोर्ड ठणठणीत!

दिवाही नाही आणि हालचालही नाही, तर संशय एसएमपीएसवर. तो तपासायला मेनची केबल काढून आतल्या सगळ्या जोडण्या सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका तारेच्या तुकड्याने जोडा. हल्ली अनेकदा सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा पिन १६ आणि १७ मोजा. मगच मेन चालू करा. १२ व्होल्टच्या लाइनवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५ दिसलं पाहिजे. नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस पास करू नका. काही नव्या मॉडेलमध्ये तर लोड नसताना पंखा फिरतच नाही.

पंखा जरासा हलून लगेच थांबत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क असं एकेक काढत जायचं. बोर्डखाली पडलेला एखादा स्क्रूही हा उद्योग करतो. बोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का तेही बघा. आणि पंखे फिरताहेत, पण पडदा काळाच, तर तो आजार वेगळा. तिथे वीज पोचलेली आहे. तेव्हा रॅम काढा, तिचे पितळी दिसणारे दात खोडरबरने हलके पुसा आणि नीट बसवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही! २३० व्होल्ट हा आपला आरएमएस आकडा. त्याचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास, आणि आतला मोठा कपॅसिटर केबल काढल्यावरही तेवढं व्होल्टेज धरून बसू शकतो. हे गणित आपण पहिल्या वर्षी शिकतो, ते इथे जीव वाचवतं. आत काही काढायचं-घालायचं असेल तेव्हा मेनची केबल आधी काढायची, हेही विसरू नका.

आता कुणी म्हणेल, "एवढा वेळ कुणाला आहे? सबमिशन आहे उद्या!" पण वरचं बरंचसं काम जर्नलमधलं एक प्रॅक्टिकल उतरवून काढण्याच्या वेळात होतं. आणि दुकानात जाऊच नका असं मी म्हणत नाही. जा, पण माहिती घेऊन जा. "मदरबोर्ड बदलावा लागेल" असं ऐकलं की "एसएमपीएसला किती व्होल्ट दिसले?" एवढं विचारता आलं पाहिजे. दुकानदार लबाडच असतो असं नाही. त्याच्यापुढे रांग असते, तोही घाईत असतो. घाईत पार्ट बदलणं सोपं पडतं आणि बिल आपण भरतो.

मुलींना तर मी हे जास्तच आग्रहाने सांगेन. आमच्या होस्टेलवर संध्याकाळनंतर दुरुस्तीवाला आत येत नाही, वर्गातला मित्रही येत नाही. रात्री दहा वाजता मशीन बंद पडलं तर आपणच असतो. तरीही 'कुणीतरी मुलगा बघेल' म्हणून सकाळपर्यंत वाट बघितली जाते. अहो, मार्कांत मागे नाही आपण, मग स्क्रू-ड्रायव्हरपाशी का थांबायचं?

खरं दुखणं आणखी खोल आहे. हात काळे करणं हे आयटीआयवाल्यांचं काम आणि डिग्रीवाल्यांनी फक्त सही करायची, असं आपल्या डोक्यात कुणीतरी भरून ठेवलंय. कॉलेजही त्याला हातभार लावतं. लॅबमधलं किट आधीच जोडलेलं असतं, रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये असतं. चालणाऱ्या सर्किटवर आपल्याला पैकीच्या पैकी मिळतात, बंद पडलेलं कुणी पुढ्यात ठेवतच नाही. नोकरीत मात्र पुढ्यात येणार ते बंद पडलेलंच!

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. लॅबमधून निर्लेखित झालेला एक डेस्कटॉप प्रत्येक होस्टेलच्या कॉमन रूममध्ये ठेवू द्या. सोबत एक मल्टिमीटर आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. दर महिन्याला त्यात नवा बिघाड करून ठेवायचा, मेनची केबल लावताना कुणीतरी जाणकार हजर असेल एवढं बघायचं. आणि मार्क दुरुस्तीला देऊ नका, मुलाने कुठला प्रश्न कुठल्या क्रमाने विचारला याला द्या. पहिला तास घ्यायला वायरमनकाकांना बोलवा, आणि त्यांना खुर्ची समोरच्या रांगेतली द्या.

बघा, पटतंय का!