घरात माशांची टाकी आणताय? आधी वजन मांडा



चाळ कमिटीच्या चिटणीसाकडे माणसे कशासाठी येतात? पाण्याचा पंप बिघडला, जिन्यातला दिवा गेला, भाडेपावती मिळाली नाही, फार तर दोन बिऱ्हाडांचे भांडण. गेल्या महिन्यात मात्र दुसऱ्या माळ्यावरचा नववीतला मुलगा दारात उभा राहिला. "जयभीम काका, तुमच्याकडे मोजायचा टेप आहे ना? आईने माशांची टाकी आणलीय. कुठे बसते ते बघायचंय."

त्याची आई ज्या घरी स्वयंपाकाला जाते ते कुटुंब दुसऱ्या गावी निघाले होते. जाताना त्यांनी चार फुटांची काचेची टाकी आणि तिचा लोखंडी स्टँड ताईंना देऊन टाकला. हातगाडीवरून टाकी चाळीत आली, चार पोरांनी ती उचलून वर नेली आणि गॅलरीत ठेवली. साऱ्या माळ्याची मुले भोवती जमली होती. मला आमची शाळेची सहल आठवली. १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून आम्ही उभे होतो आणि मास्तर मागून ओरडत होते. आपल्या घरात असे काही असावे असे कोणत्या मुलाला वाटणार नाही? म्हणून 'नाही' म्हणणे मला जड गेले, हे आधीच कबूल करतो.

आमची चाळ जुनी, कडीपाटाची. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर फळ्या आणि वर फरशी. तळमजल्यावर गेल्या दोन पावसाळ्यांपासून टेकू लागलेले आहेत. ताईंची खोली दहा बाय बाराची. टाकी खिडकीखाली ठेवायचे ठरले होते. खिडकीच्या बरोबर खाली, पहिल्या माळ्यावर, एका आजींची खाट आहे.

ताई म्हणाल्या, "भाऊ, चार पोरांनी हसत-हसत वर आणली. एवढं काय वजन असणार?"

इथेच सगळ्यांची फसगत होते. उचलली ती रिकामी टाकी. मी वाणिज्य शाखेचा माणूस, स्थापत्याचे मला फारसे कळत नाही, पण बेरीज येते. मुलाला वही आणायला सांगितली.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गुणाकार केला की नऊ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी मावते आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वर इंचभर जागा सोडली तरी पाणी २४० लिटर, म्हणजे २४० किलो. आठ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला २० किलो भरते. या टाकीला दोन चौरस मीटरहून थोडी जास्त काच लागलेली, म्हणजे ४२ किलो. तळाला दोन इंच खडी घातली की ४५ किलो. स्टँड ३० किलो धरा. मुलाने बेरीज केली. ३५७ किलो. सिमेंटच्या सात गोण्या!

ज्यांना एवढे मांडायचे नाही त्यांनी लांबी, रुंदी, उंची फुटांत घेऊन गुणावी आणि आलेल्या आकड्याला २८ ने गुणावे. ते पाण्याचे किलो. त्यावर निम्मे आणखी चढवावेत. काच, खडी आणि स्टँड मिळून अंदाज बरोबर येतो.

ताई हिशेबाने हटल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठीच्या लग्नात या खोलीत पंचवीस माणसं जेवायला बसली होती. काय झालं?"

प्रश्न खरा होता. पंचवीस माणसे म्हणजे साधारण दीड हजार किलो. पण ती एकशेवीस चौरस फुटांवर पसरून बसली होती, चौरस फुटाला साडेबारा किलो. नव्या इमारतीत राहण्याच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ चा दुसरा भाग (१९८७) चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरायला सांगतो. म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो. पाहुणे त्या हिशेबात बसले. टाकी सहा चौरस फुटांवर उभी राहते, चौरस फुटाला साठ किलोच्या आसपास. याचा अर्थ टाकी भरताक्षणी जमीन खचेल असा नाही, कारण तुळई भार आजूबाजूला वाटून घेते. पण पाहुणे रात्री घरी गेले. टाकी रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तिथेच राहणार. सतत भार राहिला की लाकूड आणि काँक्रीट दोन्ही हळूहळू वाकत जातात. आणि हा हिशेब नव्या, धडधाकट इमारतीचा. टेकू लागलेल्या चाळीत किती ताकद उरली आहे ते कोण सांगणार?

कडीपाटाच्या घरात आणखी एक गोम आहे. कड्यांची टोके भिंतीत शिरलेली असतात. भिंतीला ओल असली की टोक आतून कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. ताईंच्या खिडकीखालची भिंत दर पावसाळ्यात ओली होते. एरवी टाकी भिंतीलगत ठेवावी हा नियम चांगला, खोलीच्या मध्यावर तर ठेवूच नये. पण ती भिंत वजन पेलणारी आणि कोरडी हवी. साडेचार इंची आडभिंत उपयोगाची नाही. शिवाय टाकीची लांब बाजू कड्यांना आडवी यावी, म्हणजे तीन-चार कड्या भार वाटून घेतात. समांतर ठेवली तर सगळे एक-दोन कड्यांवर येते. कड्या कशा जातात ते खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताकडे पाहिले की कळते.

आम्ही तेच केले. आजींच्या खोलीत उभे राहून तिघांनी वर पाहिले. खिडकीजवळच्या दोन कड्यांच्या टोकांशी काळपट डाग होते. आजींनी विचारले, "काय बघताय रे?" ताईंनी उत्तर दिले नाही. जिना चढताना एवढेच म्हणाल्या, "भाऊ, नको."

स्लॅबच्या इमारतीत राहणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब वरून खाली कोसळले आणि माणसे गेली. ते माशांच्या टाकीने झाले नव्हते, पण आपल्या डोक्यावरच्या स्लॅबची खरी अवस्था रंगावरून कळत नाही, एवढे त्यातून दिसले. छताचे प्लास्टर फुगले असेल, गंजलेली सळई दिसत असेल, तर त्याच्या वरच्या मजल्यावर मोठी टाकी ठेवू नये. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीकडे मागा. मागायला लाजू नका. गॅलरीत आणि पोटमाळ्यावर तर टाकी नकोच. पोटमाळा गाद्या आणि ट्रंकांसाठी बांधलेला असतो आणि गॅलरी भिंतीबाहेर लटकलेली असते.

मग मुलाने काय करायचे? त्याचा चेहरा पाहवत नव्हता. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी घेतली तर सगळे मिळून ऐंशी किलो होतात, एका धडधाकट माणसाएवढे. ती मोरीच्या कोरड्या भिंतीलगत चालेल असे ठरले. मोरीतले दोनशे लिटरचे पिंप मात्र रोज काठोकाठ भरायचे नाही, ही अट मी घातली. त्या पिंपाचे वजन आजवर चाळीत कोणी मांडलेच नव्हते, मीही नाही.

मोठ्या टाकीला जागा मिळाली ती वस्तीतल्या अभ्यासिकेत. ती तळमजल्यावर आहे आणि तिची जमीन चांगल्या ठोकलेल्या भरावावर टेकलेली आहे. तरी स्टँडचे चार पाय नुसते लादीवर टेकवले नाहीत. एका पायावर ऐंशी-नव्वद किलो येतात आणि लादीखाली पोकळी असली तर ती तडकते. म्हणून पायांखाली जाड फळी घातली. टाकीच्या बुडाखाली फोमची शीट अंथरली, कारण काचेखाली वाळूचा एक खडा राहिला तरी तिथून तडा जाऊ शकतो. गवंडीकाम करणाऱ्या एका दादांनी पाणसळ लावून चारी बाजू सारख्या केल्या. विजेचा बोर्ड टाकीपासून दूर, पाण्याच्या पातळीच्या वर घेतला. आणि भरलेली टाकी कोणीही, कधीही सरकवायची नाही असे मुलांना बजावले. जागा बदलायची तर आधी रिकामी करायची.

रविवारी सकाळी पोरांनी खडी धुऊन तळाला पसरली आणि पंधरा लिटरच्या बादलीने पाणी भरायला घेतले. नववीतला मुलगा भिंतीवर खडूने रेघा ओढत होता. माझ्या हिशेबाने सोळा बादल्या लागायला हव्या होत्या. पंधराव्या बादलीलाच पाणी खुणेपर्यंत आले.

"काका, तुमचा हिशेब चुकला," तो म्हणाला.

मी पुन्हा वही उघडली. खडी जागा अडवते, तेवढे पाणी कमी बसते, हे मी धरलेच नव्हते. एक बादली खडीने खाल्ली होती. मी ३५७ खोडून ३४० लिहिले आणि पोरे मासे आणायला महात्मा फुले मंडईकडे निघाली.