रणवेश एक, वाटा दोन

सातारा जिल्ह्यातून पहाटेच्या वेळी प्रवास करणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. अंधुक उजेडात डांबरी रस्त्याच्या कडेने मुलांची रांग धावत असते. पायांत साधे बूट, अंगावर विटलेली बनियन, आणि मनात १६०० मीटरचे गणित. ही सैन्यभरतीची तयारी. ज्या जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले आणि ज्या गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, त्या जिल्ह्यात हे दृश्य नवलाचे नाही. ते पाहून ऊर भरून येतो. परंतु गेल्या हिवाळ्यात कोरेगाव तालुक्यातील एका घरी मुक्काम घडला आणि त्या दृश्यामागचा एक प्रश्न मनात रुतून बसला.

घर एका निवृत्त हवालदारांचे. त्यांचा धाकटा मुलगा बारावीला. दहावीत ८८ टक्के गुण, गावच्या शाळेत पहिला, कबड्डी संघाचा नायक. तोही पहाटे धावत होता. अग्निवीर भरतीत उतरायचे हे घरात ठरलेले होते. मी सहज विचारले, ‘‘एनडीएचा अर्ज भरला आहेस का?’’ मुलगा वडिलांकडे पाहू लागला. हवालदार हसले आणि म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, ऑफिसर मोठ्या घरची पोरं होतात. आपलं काम पळायचं.’’

या वाक्यात कटुता नव्हती, तक्रारही नव्हती. चोवीस वर्षे गणवेश अंगावर वागवलेल्या माणसाने ते एखाद्या नैसर्गिक नियमासारखे सांगितले होते. म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करणारे होते.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. जवान होणे म्हणजे कमी प्रतीचे काही करणे, असा अर्थ कोणी काढू नये. आजवर २१ वीरांना परमवीर चक्र लाभले. त्यांत १२ अधिकारी आहेत, तर ९ जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकारी आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धातील चार परमवीरांपैकी कॅप्टन विक्रम बत्रा आणि लेफ्टनंट मनोजकुमार पांडे हे अधिकारी होते, तर ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव आणि रायफलमन संजयकुमार हे जवान. मृत्यूसमोर पद विचारले जात नाही. नव्याने आलेला तरुण लेफ्टनंट पलटणीचे खरे धडे गिरवतो ते अनुभवी सुभेदारांच्या हाताखाली, हेही सैन्यात सर्वज्ञात आहे. शौर्याची वाटणी हुद्द्याप्रमाणे झालेली नाही.

मग दोन वाटांत भेद कशाचा? भेद जबाबदारीच्या स्वरूपाचा आहे. जवान आपले शस्त्र, आपले काम आणि आपला जोडीदार यांच्याशी एकनिष्ठ असतो. त्याच्या कौशल्यावर लढाई उभी असते. अधिकाऱ्याला बावीस-तेविसाव्या वर्षी तीसएक माणसांच्या जिवाचा निर्णय करावा लागतो, आणि तो चुकला तर त्याचे ओझे जन्मभर वाहावे लागते. डेहराडूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीत अधिकाऱ्याच्या मनावर हेच बिंबवले जाते की प्रथम देश, मग हाताखालची माणसे, आणि स्वतः सर्वांत शेवटी. काहींचा पिंड पहिल्या कामाचा असतो, काहींचा दुसऱ्या. मुलाने आपला पिंड ओळखून निवड केली, तर दोन्ही निवडी सारख्याच वंदनीय आहेत. आक्षेप आहे तो निवड न करताच वाट ठरून जाते याला.

इतिहासाकडे पाहिले तर या समजुतीचे मूळ सापडते. पहिल्या महायुद्धापर्यंत परकीय राज्यकर्त्यांनी हिंदी माणसाची झेप सुभेदार मेजरपर्यंतच राहील अशी व्यवस्था केली होती. मराठा पलटणींनी पराक्रम करायचा आणि आज्ञा गोऱ्या अधिकाऱ्याने द्यायची, असा तो क्रम होता. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी डेहराडूनची प्रबोधिनी १९३२ साली सुरू झाली, तीही बऱ्याच झगड्यानंतर. आज कायद्याने ते दार सताड उघडे आहे. पण ‘ऑफिसर मोठ्या घरची पोरं होतात’ हे वाक्य आपल्या गावांत अजून उच्चारले जाते. परक्यांनी घातलेली कडी आपण मनातून काढलेली नाही.

वस्तुस्थिती काय आहे? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकणारा मुलगाही अर्ज करू शकतो. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित लागते. लेखी परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण असतात. इंग्रजीचा भाग वगळता प्रश्नपत्रिका हिंदीतही असते. त्यानंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, तिला ९०० गुण. तेथे वडिलांचा हुद्दा कोणी विचारात घेत नाही. दोरखंड, फळ्या आणि पिंपे देऊन मुलगा इतरांना सोबत घेऊन अडथळा कसा पार करतो, ते पाहिले जाते. ज्याने गावात कबड्डीचा संघ बांधला, त्याला हे परके का वाटावे? निवड झाल्यावर खडकवासल्याच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा आणि निवासाचा भार शासन उचलते. २०२२ पासून तेथे मुलीही शिकत आहेत आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली.

पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची वाट आहे, राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रवेश आहे. जवान म्हणून सेवेत गेलेल्यांतून अधिकारी निवडण्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेज आहे. ते १९६० साली आपल्या पुण्यातच सुरू झाले आणि पुढे डेहराडूनला गेले. महाराष्ट्र शासनाने तर १९७७ सालीच आजच्या छत्रपती संभाजीनगरात सेवा पूर्वतयारी संस्था काढली, जेथे दहावीनंतर निवडलेल्या मुलांकडून प्रबोधिनीची तयारी करून घेतली जाते. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून उभी आहे, डॉ. मुंजे यांनी स्थापिलेली नाशिकची भोंसला सैनिकी शाळा तर स्वातंत्र्यापूर्वीची. दारे इतकी आहेत. दारापर्यंत नेणारा माणूस मात्र गावात नाही.

दुसऱ्या बाजूचाही हिशोब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पूर्वी भरती झालेला जवान पंधरा वर्षांहून अधिक सेवा करून निवृत्तिवेतन घेऊन घरी येई. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे. योजनेच्या घोषणेनुसार वेतन पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातील तीस टक्के निधीत जमा. चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. आणि प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम सेवेत. ज्या घराला आजच मिळकतीची निकड आहे, तेथील मुलाने हा मार्ग पत्करला तर त्याला कोणी उपदेश करू नये. परंतु ‘बाबांसारखाच मीही’ एवढ्या एका भावनेवर निर्णय करणाऱ्याला हे सांगणे कर्तव्य आहे की बाबांनी पत्करलेली सेवा आणि आजची सेवा यांच्या अटी सारख्या नाहीत. अल्पसेवा कमिशन घेणाऱ्या अधिकाऱ्याची मुदतही दहा ते चौदा वर्षांची असते, हेही त्याला त्याच वेळी सांगावे. अर्धी माहिती ही फसवणूकच होय.

त्या रात्री मी हवालदारांना दोन नावे सांगितली. पहिले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारकडचे हे कोकणी गृहस्थ १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवले. दुसरे कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचा हा मुलगा सातारच्या सैनिकी शाळेत शिकला, एका राष्ट्रीय रायफल्स पलटणीचा प्रमुख झाला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात आपल्या माणसांच्या अग्रभागी राहून लढताना वीरगतीस प्राप्त झाला. त्यांच्या पत्नी स्वातीताई २०१७ साली स्वतः लेफ्टनंट झाल्या. ‘‘यांतलं कुठलं घर मोठं होतं, दादा?’’ असे मी विचारले. हवालदार बराच वेळ बोलले नाहीत. मग आतून वहिनींचाच आवाज आला, ‘‘अर्ज भरायला किती दिवस आहेत?’’

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे शहरातल्या सुशिक्षित घरांविषयी. तेथे अज्ञान उलट्या बाजूचे आहे. २६ जानेवारीचे संचलन पाहताना आपले डोळे पाणावतात. मात्र घरातल्या मुलाने लष्कराचे नाव काढले की पहिला उद्गार निघतो, ‘‘एवढे गुण असताना?’’ गावात अधिकारी होणे अशक्य वाटते, शहरात सैनिक होणे अनावश्यक. सैन्यात अधिकाऱ्यांची काही हजार पदे रिकामी असल्याची माहिती संसदेत वेळोवेळी दिली गेली आहे. त्या रिकाम्या जागा या दोन समजुतींच्या मधोमध पडलेल्या आहेत. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. पदवीधरांसाठीही अशी परीक्षा असते, हे मला वयाची मुदत उलटल्यावर कळले. ती खंत आजही आहे.

यासाठी मोठी योजना लागत नाही. आपल्या परिसरातील नववी-दहावीच्या वर्गापुढे एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला आणि एखाद्या निवृत्त सुभेदाराला एकत्र बसवावे. दोघांनी आपापले आयुष्य सांगावे. गणिताची भीती घालवणारा एक शिक्षक आठवड्याला दोन तास द्यावा. मग मुलांनी ठरवावे. कोणी पलटणीत जाईल, कोणी प्रबोधिनीत. पण जाईल तो जाणून-उमजून जाईल.

त्या मुलाने अर्ज भरला. पहिल्या प्रयत्नात तो लेखी परीक्षेतच अडला, गणितात. हवालदारांचा दूरध्वनी आला तेव्हा मला वाटले, आता विषय संपला. ते म्हणाले, ‘‘वयात अजून दोन-तीन वेळा बसतं. पळणं चालू आहे. पळून आला की दोन तास गणित.’’ आणि थोडे थांबून म्हणाले, ‘‘नाहीच जमलं तर भरती आहेच. पण तेव्हा तो ठरवून जाईल.’’